मेंदूत पसरलेला कॅन्सर: ऑपरेशन झालं, मग रेडिएशन कशाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनला दहा-बारा दिवस झालेले असतात. टाके निघालेले असतात, रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत आमच्या विभागात येतो आणि खुर्चीत बसायच्या आतच घरचं कुणीतरी विचारतं, "डॉक्टर, गाठ तर पूर्ण काढली म्हणाले. मग आता परत शेक कशाला?" रेडिएशन विभागात काम करताना मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच असेल. प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर वेळेवर न मिळाल्यामुळे काही जण तिथूनच घरी परततात आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ घेऊन येतात. ते टाळता यावं म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या रुग्णासाठी काय योग्य, हे त्याचे रिपोर्ट आणि एमआरआय समोर असलेले डॉक्टरच ठरवतील. इथलं वाचून निदान त्यांना काय विचारायचं, ते तुम्हाला कळेल.

फुप्फुसाचा कॅन्सर होता. आता मेंदूचाही झाला, म्हणजे दोन कॅन्सर झाले का?

नाही, कॅन्सर एकच आहे. फुप्फुसातल्या पेशी रक्तातून मेंदूत पोहोचल्या आणि तिथे रुजल्या. मेंदूतली गाठ काढून तपासली तर ती फुप्फुसाच्याच कॅन्सरची निघते. याला ब्रेन मेटास्टेसिस म्हणतात. फुप्फुस, स्तन, त्वचेचा मेलानोमा, मूत्रपिंड आणि मोठं आतडं हे मेंदूत जाणारे नेहमीचे कॅन्सर. मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर रक्तवाहिन्या एकदम बारीक होतात, पेशी तिथे अडकतात आणि बहुतेक गाठी तिथेच वाढतात. ढोबळमानाने ८० टक्के गाठी मोठ्या मेंदूत आणि १५ टक्के लहान मेंदूत असतात. उरलेल्या मेंदूच्या देठात.

सर्जन म्हणाले गाठ पूर्ण निघाली. तरी रेडिएशन?

सर्जन खरंच सांगतात. डोळ्यांना, मायक्रोस्कोपला आणि ऑपरेशननंतरच्या एमआरआयला जे दिसतं ते सगळं निघालेलं असतं. राहतं ते न दिसणारं. स्तनाची गाठ काढताना भोवतीचा थोडा निरोगी भागही सोबत काढता येतो, त्यामुळे काठावर रेंगाळलेल्या पेशी त्याच्याबरोबर जातात. मेंदूत ही मोकळीक नाही. गाठीला चिकटून असलेला अर्धा सेंटिमीटर मेंदू उजवा हात हलवत असेल, नाहीतर तोंडातले शब्द जुळवत असेल. म्हणून सर्जन गाठीच्या अगदी कडेकडेने जाऊन तिला सोडवून घेतात. काठावरच्या मेंदूत मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत शिरलेल्या पेशी तिथेच राहतात. त्यांना गाठायला रेडिएशनच लागतं.

याला भक्कम पुरावा आहे. १९९८ साली अमेरिकेत रॉय पॅचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या मेंदूत एकच गाठ होती, ती काढून झाली होती आणि ती पूर्ण निघाल्याची एमआरआयवर खात्री केली होती. त्यातल्या साधारण निम्म्या लोकांना पुढे पूर्ण मेंदूला रेडिएशन दिलं, बाकीच्यांना दिलं नाही. न दिलेल्यांत ४६ टक्के रुग्णांची गाठ त्याच जागी परत आली, दिलेल्यांत १० टक्क्यांची. मेंदूत कुठेही नवीन किंवा जुनी गाठ दिसण्याचं प्रमाण ७० टक्के आणि १८ टक्के असं होतं.

पुढे पूर्ण मेंदूऐवजी फक्त काढलेल्या जागेपुरतं रेडिएशन द्यायची पद्धत आली. तिचीही परीक्षा झाली. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधला १३२ रुग्णांचा अभ्यास २०१७ साली आला. जागेपुरतं रेडिएशन घेतलेल्यांत वर्षभरानंतर ७२ टक्के लोकांची ती जागा स्वच्छ होती. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४३ टक्क्यांची.

आता एक गोष्ट तुमच्यापासून लपवायची नाही. ऑपरेशननंतर रेडिएशन घेतल्यामुळे एकूण आयुष्य वाढलं, असं या दोन्ही अभ्यासांत दिसलं नाही. आयुष्य किती, हे बऱ्याचदा शरीरातल्या बाकीच्या कॅन्सरवर ठरतं, आणि परत आलेल्या गाठीवर पुन्हा उपचारही होतात. मग रेडिएशनने मिळवलं काय? मेंदूतली गाठ परत येते म्हणजे पुन्हा डोकेदुखी, पुन्हा एक बाजू लुळी पडणं, पुन्हा ऑपरेशन. पॅचेल यांच्या अभ्यासात मेंदूच्याच कारणाने होणारे मृत्यू रेडिएशन घेतलेल्यांत स्पष्टपणे कमी होते. हातातले दिवस बोलत-चालत जाणं ही माझ्या लेखी फार मोठी मिळकत आहे.

रेडिएशननेच पेशी मरत असतील तर डोकं उघडायचं कशाला?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण तो तितकाच महत्त्वाचा आहे.

पहिलं कारण आकार. रेडिएशन दिलं की गाठ त्याच दिवशी विरघळत नाही, आठवडे जातात. तीन-चार सेंटिमीटरची गाठ आणि तिच्याभोवतीची सूज मेंदूला दाबत असेल तर तेवढी उसंत नसते. शिवाय गाठ जितकी मोठी तितका एका वेळी सुरक्षितपणे देता येणारा डोस कमी करावा लागतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने ठरवून दिलेले आकडे आजही आमच्या टेबलावर असतात: २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला २४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं माप), ३ पर्यंत १८, ४ पर्यंत १५. म्हणजे मोठ्या गाठीला जास्त मारा हवा, आणि नेमका तिथेच तो देता येत नाही. सर्जनने गाठ काढून दिली की आम्हाला फक्त तिच्या काठाशी लढायचं उरतं.

दुसरं कारण जागा. लहान मेंदूतल्या गाठीने डोक्यातल्या पाण्याचा रस्ता अडवला तर पाणी तुंबतं, उलट्या सुरू होतात, रुग्ण गुंगीत जातो. तिथे ऑपरेशन जीव वाचवतं, तेही लगेच.

तिसरं कारण निदान. एमआरआयवर मेटास्टेसिससारखी दिसणारी प्रत्येक गाठ तशी नसते. पॅचेल यांच्याच १९९० सालच्या आधीच्या अभ्यासात, पसरलेला कॅन्सर समजून घेतलेल्या ५४ जणांपैकी ६ जणांची गाठ तपासणीत वेगळीच निघाली. कुणाला मेंदूचाच ट्यूमर होता, तर कुणाला चक्क जंतुसंसर्ग किंवा सूज. आज स्कॅन त्याहून कितीतरी चांगले आहेत. तरीही आधी कॅन्सर झालेलाच नसेल, किंवा होऊन बरीच वर्षं लोटली असतील, तर तुकडा हातात आल्याशिवाय पुढे जाणं मला पटत नाही.

त्याच १९९० च्या अभ्यासात एकच गाठ असलेले ४८ रुग्ण होते. ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही मिळालेले मध्यकाने (म्हणजे निम्मे याहून जास्त) ४० आठवडे जगले, फक्त रेडिएशन मिळालेले १५ आठवडे. स्वतःचं स्वतः करू शकण्याचा काळ तर ३८ आठवडे विरुद्ध ८ आठवडे. मेंदूतली एकटी गाठ काढण्याची प्रथा रुजली ती मुख्यतः या आकड्यांमुळे. १९९६ सालच्या कॅनडातल्या ८४ रुग्णांच्या अभ्यासात मात्र असा फायदा दिसला नाही. त्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचा कॅन्सर शरीरात इतरत्र जोर धरून होता. म्हणून ऑपरेशन ठरवताना सर्जन मेंदूच्या एमआरआयबरोबर पेट स्कॅन (कॅन्सर शरीरात कुठे कुठे आहे ते दाखवणारा) मागतात, तो उगीच मागत नाहीत.

म्हणजे सगळ्यांचंच ऑपरेशन होतं?

मुळीच नाही. गाठी लहान असतील, दाब नसेल, तर बऱ्याचदा फक्त रेडिओसर्जरी, म्हणजे गाठीवर नेम धरून दिलेलं रेडिएशन, पुरते. गाठ मेंदूच्या देठात असेल तर सुरीपेक्षा किरण बरे. स्मॉल सेल प्रकारचा फुप्फुसाचा कॅन्सर आणि लिम्फोमा रेडिएशनला आणि औषधांना चांगले दबतात, त्यात ऑपरेशनची वेळ क्वचितच येते. अनेक गाठी असताना त्यातली एकच मोठी, त्रास देणारी गाठ काढायची आणि बाकीच्यांना रेडिओसर्जरी द्यायची, हा मार्गही असतो. रुग्णाची एकूण ताकद कशी आहे, अंथरुणावर किती वेळ जातो, हेही पाहिलं जातं.

रेडिओसर्जरी म्हणजे अजून एक ऑपरेशन?

नाव फसवं आहे. यात चिरा नाही, टाके नाहीत, पूर्ण भूलही नाही. हा शब्द १९५१ साली स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी रूढ केला. गॅमा नाइफ हे त्यांच्याच डोक्यातून आलेलं यंत्र. त्यात सुमारे २०० बारीक किरण वेगवेगळ्या दिशांनी येऊन एका बिंदूवर मिळतात. प्रत्येक किरण एकटा दुबळा असतो, वाटेतल्या मेंदूला फारशी इजा करत नाही. सगळे भेटतात तिथे मात्र डोस प्रचंड होतो. आता लिनियर अ‍ॅक्सलरेटर आणि सायबरनाइफ या यंत्रांवरही हेच काम होतं. यंत्राच्या नावापेक्षा ते चालवणाऱ्यांचा हात आणि अनुभव मोठा.

ऑपरेशननंतर पोकळी मोठी राहिली असेल तर एकाच दिवशी सगळा डोस न देता तीन किंवा पाच दिवसांत विभागून देतात. उदाहरणार्थ ३ दिवसांत २७ ग्रे किंवा ५ दिवसांत ३० ग्रे. याने शेजारचा मेंदू जास्त सुरक्षित राहतो.

पूर्ण मेंदूला शेक घ्यायचा की फक्त त्या जागेला?

जुनी पद्धत पूर्ण मेंदूची. सहसा रोज ३ ग्रे असे १० दिवस, एकूण ३० ग्रे. तिची जमेची बाजू म्हणजे मेंदूत दुसरीकडे लपलेल्या पेशींनाही ती गाठते. पण त्याची किंमत स्मरणशक्तीला मोजावी लागते. २०१७ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १९४ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली, सगळे ऑपरेशन झालेले. आयुष्य जवळपास सारखंच, जागेपुरतं रेडिएशन घेतलेल्यांचं १२.२ महिने आणि पूर्ण मेंदूचं घेतलेल्यांचं ११.६. पण सहा महिन्यांनी विचार, आठवण, भाषा यांच्या चाचण्यांत घसरण झाली ती पहिल्या गटात ५२ टक्के रुग्णांची, दुसऱ्या गटात ८५ टक्के रुग्णांची. उलट बाजूही सांगते: ऑपरेशनच्या जागेतल्या आणि उरलेल्या मेंदूतल्या कॅन्सरवरचा ताबा पूर्ण मेंदूच्या रेडिएशनमध्येच जास्त चांगला राहिला.

म्हणून आज एक किंवा मोजक्या गाठी असतील तर आम्ही जागेपुरतं रेडिएशन देतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करून नवीन गाठ वेळेत पकडायचा प्रयत्न करतो. या नियमित एमआरआयला पर्याय नाही. एमआरआयला नियमित येणं शक्यच नसेल तर ते आधीच मोकळेपणाने सांगा, कारण मग निर्णय बदलू शकतो.

गाठी खूप असतील, किंवा कॅन्सर मेंदूभोवतीच्या पाण्यात आणि आवरणात पसरला असेल, तर पूर्ण मेंदूचं रेडिएशन लागू शकतं. तेही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग वाचवून किरण देता येतात आणि सोबत मेमॅन्टिन हे स्मृतिभ्रंशावरचं औषध देतात. ५१८ रुग्णांच्या अभ्यासात, नुसतं मेमॅन्टिन घेतलेल्यांपेक्षा हिप्पोकॅम्पसही वाचवलेल्यांची बौद्धिक घसरण कमी झाली. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तुमच्या रुग्णाला पूर्ण मेंदूचं रेडिएशन सुचवलं असेल तर "हिप्पोकॅम्पस वाचवता येईल का?" हे जरूर विचारा. गाठ त्या भागाच्या जवळ असेल तर नाही म्हणतील. पण विचारा.

ऑपरेशननंतर किती दिवसांनी रेडिएशन?

साधारण दोन ते चार आठवड्यांत. हे पान वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

फार लवकर देत नाही, कारण जखम भरायला हवी. शिवाय गाठ निघाल्यावर राहिलेली पोकळी पहिल्या काही दिवसांत आक्रसते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा एमआरआय आणि तिसऱ्या आठवड्यातला एमआरआय शेजारी ठेवून पाहिले तर कधीकधी एकाच माणसाचे वाटत नाहीत. लिंबाएवढी मोकळी जागा चुरगळलेल्या पिशवीसारखी मिटलेली असते. म्हणून आम्ही प्लॅनिंगसाठी नवा एमआरआय मागतो. "पंधरा दिवसांपूर्वी तर केला होता" ही तक्रार समजते, पण जुन्या चित्रावर नेम धरला तर तो चुकतो. त्या मिटलेल्या पोकळीच्या काठाबाहेर साधारण २ मिलिमीटर पट्टा आम्ही जोडतो. गाठ मेंदूच्या आवरणाला चिकटलेली होती का, सर्जन कोणत्या वाटेने आत गेले, हे ऑपरेशनच्या नोंदीत वाचतो. म्हणून ती नोंद, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि ऑपरेशनच्या आधीच्या व नंतरच्या एमआरआयच्या सीडी बरोबर आणा. फक्त कागदी रिपोर्ट पुरत नाही.

आणि फार उशीर का नको? मागे राहिलेल्या पेशी थांबून राहत नाहीत. महिना उलटला की परत गाठ येण्याचा धोका वाढत जातो. उशीर होतो तो बहुतेक वेळा आजारामुळे नव्हे, तर दोन विभागांच्या मधल्या फटीमुळे. डिस्चार्ज कार्डावर "रेडिएशनसाठी दाखवणे" एवढंच लिहिलेलं असतं, तारीख नसते. घरी गेल्यावर रुग्णाची डोकेदुखी थांबलेली असते, हात पुन्हा हलायला लागलेला असतो, आणि घरच्यांना वाटतं, जरा ताकद येऊ दे, मग बघू. या 'मग बघू'ने गेलेले आठवडे मी पाहिले आहेत. त्या एमआरआयकडे बघताना आजही पोटात गोळा येतो. माझी कळकळीची विनंती आहे: ऑपरेशनच्या आधीच रेडिएशनच्या डॉक्टरांना एकदा भेटा, आणि डिस्चार्ज घेताना तारीख लिहून घ्या.

आधी रेडिएशन आणि मग ऑपरेशन, असं करतात का?

काही केंद्रांत करतात. रेडिओसर्जरी द्यायची आणि पुढच्या एक-दोन दिवसांत गाठ काढायची. विचार पटण्यासारखा आहे. गाठ जागेवर असते तेव्हा तिचा काठ स्वच्छ दिसतो, नेम सोपा होतो. ऑपरेशनच्या वेळी पेशी सांडल्या तरी त्या आधीच किरणांनी मारलेल्या असतात, त्यामुळे मेंदूच्या आवरणात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण कमी राहील अशी आशा आहे. आणि ऑपरेशननंतर रेडिएशन चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. अडचण अशी की तुकडा तपासण्याआधीच रेडिएशन द्यावं लागतं, आणि तातडीच्या ऑपरेशनमध्ये एवढा वेळ नसतो. दोन्ही क्रमांची थेट तुलना करणाऱ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या आहेत. जिथे ही सोय आहे तिथे तो पर्याय चर्चेत यायला हरकत नाही.

ऑपरेशनच्या टेबलावरच पोकळीत किरणोत्सर्गी बिया ठेवून देण्याची पद्धतही आहे. ती मोजक्या ठिकाणीच होते.

तो जाळीचा मास्क बघून आई घाबरली. दुखतं का?

दुखत नाही, पण भीती खरी असते आणि तिला "काही होत नाही हो" म्हणून उडवून लावू नये. होतं असं. जाळीसारखी पांढरी प्लास्टिकची शीट गरम पाण्यात टाकली की ती मऊ होते. तंत्रज्ञ ती निथळून, सोसवेल एवढी झाली की चेहऱ्यावर पसरतात आणि कपाळ, नाकाची कड, हनुवटी यांवर बोटांनी दाबतात. ऊबदार, ओलसर फडकं चेहऱ्यावर ठेवल्यासारखं वाटतं. काही मिनिटांत ती थंड होते आणि नेमक्या त्याच चेहऱ्याचा कडक साचा तयार होतो. जाळीतून श्वास आरामात घेता येतो. हा साचा टेबलाला अडकवतात, कारण नेम मिलिमीटरचा आहे आणि डोकं तेवढंही हलून चालत नाही.

बंद जागेची भीती असेल तर आधीच सांगा. डोळ्यांपुरती जागा कापून देता येते, सौम्य गुंगीचं औषध देता येतं, आधी एकदा नुसतं निजवून सराव करता येतो. खोलीत रुग्ण एकटा असतो, पण कॅमेऱ्यातून आम्ही सतत पाहत असतो, आवाज दोन्हीकडून ऐकू येतो. हात वर केला की आम्ही यंत्र थांबवतो. हे वाक्य रुग्णाला मास्क लावायच्या आधी दोनदा सांगावं, असा माझा अनुभव आहे. ऑपरेशनच्या बाजूला सूज किंवा पट्टी असेल तर मास्क नंतर घट्ट किंवा सैल होतो, म्हणून पट्टी निघाल्यावरच तो बनवलेला बरा.

स्टिरॉइडने तोंड सुजलंय, भूक वाढलीय, झोप नाही. बंद केलं तर?

स्वतःहून अजिबात बंद करू नका. डेक्सामेथासोन मेंदूची सूज उतरवतं आणि तेही झपाट्याने. काही रुग्ण एका दिवसात बोलू लागतात. पण दिवस वाढले की साखर वाढते, मांड्यांतली ताकद जाते, जंतुसंसर्ग होतो, चिडचिड होते. म्हणून गाठ निघाल्यावर डोस हळूहळू उतरवायचा असतो आणि ऑपरेशनचा हा एक मोठा फायदाच आहे. पण अचानक थांबवलं तर सूज परत येते आणि शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवायची सवय मोडलेली असल्यामुळे रुग्ण कोलमडू शकतो. कोणत्या दिवशी किती गोळ्या, हा तक्ता लिहून मागा. शेवटची गोळी सकाळी किंवा दुपारी घेतली तर झोप जरा बरी लागते. इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणारी औषधं) चालू असेल तर स्टिरॉइड शक्य तितकं कमी ठेवायचा प्रयत्न असतो, कारण त्याने त्या औषधाचा परिणाम मंदावू शकतो.

फिट आली नाही, तरी फिटची गोळी चालू ठेवायची?

एकदाही फिट आली नसेल तर कायमची गोळी सहसा लागत नाही. ऑपरेशनच्या सुमारास दिली असेल तर ती कधी थांबवायची ते सर्जनना विचारा. फिट येऊन गेली असेल तर गोळी चुकवायची नाही, आणि गाडी चालवणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

केस जातील का? घरात लहान मूल आहे, किरणांचा त्याला त्रास होईल का?

पूर्ण मेंदूच्या रेडिएशनमध्ये केस जातात, बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. जागेपुरत्या रेडिएशनमध्ये फार तर एखादा ठिपका विरळ होतो.

बाहेरून दिलेले किरण अंगात साठत नाहीत. यंत्र बंद झालं की संपलं. नातवंडाला मांडीवर घ्या, शेजारी झोपवा.

चालू असलेल्या केमोच्या किंवा टार्गेटेड गोळ्यांचं काय?

रेडिएशनच्या डॉक्टरांना सगळ्या औषधांची यादी दाखवा. मेलानोमासाठीच्या काही गोळ्या रेडिएशनच्या आगेमागे काही दिवस थांबवाव्या लागतात. बेव्हॅसिझुमॅब या कॅन्सरच्या औषधामुळे जखम भरायला वेळ लागतो, म्हणून ते ऑपरेशनच्या आसपास देत नाहीत. दुसऱ्या बाजूने, ओसिमर्टिनिब किंवा अलेक्टिनिबसारख्या काही गोळ्या मेंदूतही चांगल्या पोहोचतात आणि लहान, त्रास न देणाऱ्या गाठींवर कधीकधी आधी त्याच देऊन पाहतात. गाठीचा तुकडा मिळाला असेल तर त्यावर जनुकीय तपासण्या करून घ्या. मेंदूतल्या गाठीचे गुणधर्म मूळ गाठीपेक्षा वेगळे निघू शकतात आणि एखादं नवं औषध लागू पडू शकतं.

आठ महिन्यांनी एमआरआयवर त्याच जागी पुन्हा काहीतरी दिसतंय. कॅन्सर परत आला?

कदाचित हो, कदाचित नाही. काही रुग्णांत रेडिएशन दिलेल्या जागी काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, तिथलाच मेंदू सुजतो आणि मरतो. याला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. एमआरआयवर तो हुबेहूब गाठीसारखा चमकतो. रिपोर्टमध्ये "रिकरन्स" शब्द वाचून रात्रभर रडलेली माणसं सकाळी आमच्याकडे येतात, आणि पुढच्या तपासण्यांत त्यातल्या काहींचा नेक्रोसिस निघतो. परफ्युजन एमआरआय (तिथला रक्तपुरवठा दाखवणारा) किंवा खास पेट स्कॅन करतात, कधी सहा-आठ आठवडे थांबून पुन्हा चित्र काढतात. तरीही उलगडा झाला नाही तर तुकडा घ्यावा लागतो. नेक्रोसिसचा त्रास होत असेल तर स्टिरॉइड, बेव्हॅसिझुमॅब, लेझर किंवा ऑपरेशन असे उपाय आहेत. त्रास नसेल तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात.

म्हणून आधी रेडिएशन कुठे, किती आणि कधी दिलं, त्याचा कागद जन्मदाखल्यासारखा जपून ठेवा. त्याच्याशिवाय नव्या डॉक्टरांना हा फरक करणं फार कठीण जातं.

किती दिवस हातात आहेत?

वर दिलेले १२ महिन्यांसारखे आकडे मध्यक आहेत. म्हणजे निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्यानंतरही होते. मूळ कॅन्सर कोणता, तो बाकी शरीरात आटोक्यात आहे का, त्यावर चालणारं औषध आहे का, रुग्ण किती हिंडता-फिरता आहे, यावर चित्र खूप बदलतं. काही जण कित्येक वर्षं तपासणीला येत राहतात. काहींना काही महिनेच मिळतात. "सरासरी किती?" पेक्षा "आमच्या रुग्णात चांगल्या गोष्टी कोणत्या आणि काळजीच्या कोणत्या?" असं विचारलंत तर तुम्हाला जास्त उपयोगी उत्तर मिळेल.

आता हे काहीच नको, असं वडील म्हणतात. चुकतंय का त्यांचं?

नाही. ऑपरेशन किंवा रेडिओसर्जरीला योग्य नसलेल्या, फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ५३८ रुग्णांवर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण मेंदूचं रेडिएशन घेतलेले आणि फक्त स्टिरॉइड व आधारोपचार घेतलेले यांच्या आयुष्यात आणि त्याच्या दर्जात जवळजवळ फरक नव्हता. तेव्हा शरीर फार थकलं असेल तर आधारोपचार निवडणं हा पूर्ण विचाराने घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो. मात्र नकार थकव्याचा आहे, भीतीचा आहे, की मुलांवर भार नको म्हणून आहे, हे आधी त्यांच्याजवळ बसून विचारा.

त्यांना कॅन्सर डोक्यात गेलाय हे सांगितलेलंच नाही. सांगायलाच हवं?

घरचे दाराबाहेर थांबवून मला हात जोडतात, "त्यांच्यासमोर शब्द काढू नका." मागे प्रेमच असतं. पण डोक्यावर टाके आहेत, चेहऱ्याचा साचा बनतोय, यंत्राखाली एकट्याने निजायचंय. माणसाला कळलेलं असतं, फक्त बोलायला कुणी नसतं. आणि ऐन वेळी खोटं उघडं पडलं तर टेबलावर निजायलाच नकार मिळतो. मी सहसा रुग्णालाच विचारते, "तुम्हाला काय सांगितलंय? अजून काय जाणून घ्यायचंय?" बरेच जण थोडा वेळ गप्प बसतात आणि मग स्वतःच विचारतात, "पसरलंय ना?" काही म्हणतात, "पोराला सांगा, मला नको." दोन्ही उत्तरं मी ऐकते, आणि त्यानंतरच मास्क बनवायच्या खोलीत नेते.